लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बदलावं का? आधी मोजा, मग उघडा

मी पहिल्यांदा नवं वाय-फाय कार्ड, म्हणजे लॅपटॉपच्या आत बसून वाय-फाय पकडणारी छोटी पट्टी, मागवलं, तेव्हा लॅपटॉप उघडून पाहिलाच नव्हता. कार्ड हातात आल्यावर खालचं झाकण काढलं, तर आत अँटेनाची एकच वायर. नव्या कार्डावर मात्र दोन वायरींसाठी दोन टोकं. कार्ड चाललं, पण ज्या वेगासाठी घेतलं होतं त्याच्या निम्म्यावरच अडकलं. त्यानंतर स्वतःचे आणि ओळखीच्यांचे बरेच लॅपटॉप उघडले आणि माझं मत पक्कं झालं: कार्ड बदलणं पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, पण ते बदलावं की नाही हे ठरवायला एक निवांत संध्याकाळ द्यावी. या लेखाचा मोठा भाग त्या संध्याकाळसाठी आहे.

तीन आकडे लिहून काढा

कागद घ्या आणि तीन आकडे लिहा. पहिला, तुमच्या इंटरनेट जोडणीचा करारातला वेग. दुसरा, लॅपटॉप आणि राउटर यांच्यात ठरलेला वेग, म्हणजे लिंक स्पीड. तिसरा, प्रत्यक्ष हाती येणारा वेग.

लिंक स्पीड पाहायला विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये वाय-फायवर जा आणि जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज पाहा. तिथेच प्रोटोकॉल (वाय-फायची पिढी), बँड (२.४, ५ की ६ गिगाहर्ट्झ, म्हणजे कोणत्या लहरींवर जोडणी आहे), कार्डाचं नाव आणि ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, आवृत्तीही दिसते. हे सगळं लिहून घ्या, पुढे लागणार आहे. लिनक्सवर नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये जोडणीचा तपशील उघडला की लिंक स्पीड दिसतो.

हा आकडा बरंच काही सांगतो, फक्त तो वाचता यायला हवा. ७२ एमबीपीएस दिसत असेल तर एकच अँटेना, वाय-फाय ४ (आकडा जितका मोठा, पिढी तितकी नवी) आणि २० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल, असा अर्थ घ्या. ही जोडणी बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर असते. १४४ म्हणजे तेच, पण दोन अँटेना. ३०० म्हणजे दोन अँटेना आणि ४० मेगाहर्ट्झ. ४३३ हा आकडा फार लॅपटॉपांवर दिसतो: वाय-फाय ५, ८० मेगाहर्ट्झ, पण अँटेना एकच. ८६६ किंवा ८६७ म्हणजे वाय-फाय ५ आणि दोन अँटेना. वाय-फाय ६ मध्ये दोन अँटेनांवर ८० मेगाहर्ट्झला १२०१ आणि १६० मेगाहर्ट्झला २४०२ दिसतो. राउटरपासून दूर गेलात की हे आकडे खाली येतात, म्हणून पहिलं मोजमाप राउटरपासून दोन-तीन मीटरवर, मध्ये भिंत नसताना घ्या.

प्रत्यक्ष वेग लिंक स्पीडच्या साधारण निम्मा ते दोन-तृतीयांश मिळतो. यात कार्डाचा दोष नसतो. हवेत एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि प्रत्येक पाकिटाची, म्हणजे माहितीच्या तुकड्याची, पोच द्यावी लागते, त्यात बराच वेळ जातो.

आता तिन्ही आकडे शेजारी ठेवा. करार १०० एमबीपीएसचा आहे आणि लिंक स्पीड ४३३ आहे, तर जवळून २०० च्या वर सहज मिळायला हवेत. इंटरनेटसाठी तुमचं कार्ड पुरेसं आहे; नवं कार्ड टाकूनही वेब पानं तेवढ्याच वेळात उघडतील. याउलट करार ३०० चा आणि लिंक स्पीड ७२ असेल तर हाती ४०-५० च येणार. इथे कार्ड खरोखर आड येतंय. मधल्या पायरीवर असाल तर स्वतःला एक प्रश्न विचारा: मी घरातल्याच दुसऱ्या यंत्रावर मोठ्या फाइली हलवतो का? नेटवर्क डिस्कवर बॅकअप घेणाऱ्याला इंटरनेटच्या कराराशी काही देणंघेणं नाही, त्याला लिंक स्पीडचा प्रत्येक टप्पा जाणवतो.

दोष कुणाचा, हे शोधून काढा

वेगापेक्षा लोकांना जास्त छळतं ते तुटणं आणि अडखळणं. त्यासाठी माझी आवडती चाचणी अगदी साधी आहे. कमांडची खिडकी उघडा आणि राउटरच्याच पत्त्याला सतत पिंग करत ठेवा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते पाहत राहा. हा पत्ता नेटवर्कच्या माहितीत डिफॉल्ट गेटवे म्हणून दिसतो. दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला पिंग करा. मग नेहमीचं काम करत राहा.

राउटरचं उत्तर १ ते ५ मिलिसेकंदांत शांतपणे येत असेल आणि बाहेरचं मात्र वरखाली होत असेल, तर तुमच्या हवेत काही बिघडलेलं नाही. त्रास राउटरच्या पलीकडे आहे, आणि कोणतंही कार्ड तो मिटवणार नाही. राउटरचंच उत्तर शेकड्यात जात असेल किंवा मधूनच गायब होत असेल, तर मग शोध आपल्याकडे सुरू होतो.

दुसरी चाचणी फोनची. लॅपटॉप जिथे ठेवता त्याच जागी फोन ठेवा, त्याच नेटवर्कला, त्याच बँडला जोडा आणि वेग मोजा. अलीकडच्या बऱ्याच फोनमध्ये दोन अँटेनांचं वाय-फाय ६ असतं. म्हणजे ज्या कार्डाचा विचार करताय त्याची जवळपासची नक्कल तुमच्या खिशात आहे. फोन चांगला चालतो आणि लॅपटॉप रडतो, तर दोष लॅपटॉपमध्ये. दोघेही रडत असतील तर राउटर, त्याची जागा किंवा मधली भिंत. राउटरजवळ दोघेही छान आणि आतल्या खोलीत दोघेही मंद, असं असेल तर राउटर हलवणं किंवा मेश (घरभर पसरलेले, एकत्र चालणारे छोटे राउटर) बसवणं हाच उपाय आहे. भिंतीपुढे नवं कार्डही तेवढंच हतबल असतं.

केबलची चाचणीही करून टाका. लॅपटॉप तारेने राउटरला जोडून मोजलेला वेग ही तुमची वरची मर्यादा. एका जागी बसून काम करत असाल आणि केबल तिथवर नेता येत असेल, तर तीच कायमची ठेवा. तिच्याइतकं निर्धास्त वायरलेस काही नाही.

फुकटचे उपाय आधी

लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झला चिकटून बसलेला असतो आणि ५ गिगाहर्ट्झ शेजारीच मोकळं असतं, ही सर्वांत जास्त दिसणारी गोष्ट. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये प्रिफर्ड बँड असा पर्याय असतो, तो ५ गिगाहर्ट्झवर करा. तो नसेल तर राउटरमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं द्या आणि लॅपटॉपला हवं तेच नाव दाखवा.

मग ड्रायव्हर. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या पानावर तो बऱ्याचदा जुना पडलेला असतो. चिप बनवणाऱ्याचा ताजा ड्रायव्हर घालून पाहा. त्याच खिडकीत पॉवर मॅनेजमेंट टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी काढून घ्या. झोपेतून उठल्यावर वाय-फाय गायब होण्याच्या अनेक तक्रारी तेवढ्याने थांबतात.

यूएसबी ३ बद्दल मला जरा जास्त सांगायचंय, कारण हे फार कमी जणांच्या ध्यानात येतं. यूएसबी ३ ची केबल, हब किंवा बाहेरची डिस्क काम करत असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. डिस्क लावली की वायरलेस माउस अडखळतो, ब्लूटूथ हेडफोन तुटतो आणि वाय-फाय मंदावतं, असं घडत असेल तर कार्डाला बोल लावू नका. डिस्क लांब केबलने दूर ठेवा, किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

राउटरच्या बाजूने २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचं निवडा. एखादं नेटवर्क फोनला दिसतं आणि लॅपटॉपला दिसतच नाही, तर राउटर चॅनेल १२-१३ वर आहे का ते पाहा. ५ गिगाहर्ट्झमध्ये रडारसाठी जागा सोडावी लागते अशी काही चॅनेल आहेत, तीही सगळ्या जुन्या कार्डांना जमत नाहीत. नेटवर्क दिसतं पण जोडलं जात नाही, तर राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ (वाय-फाय पासवर्डची नवी सुरक्षा पद्धत) चालू आहे का हे तपासा.

आणि एक. रॅम किंवा बॅटरी बदलायला लॅपटॉप उघडला होता आणि त्यानंतर सिग्नल ढासळला, तर अँटेनाचं टोक निसटलेलं असण्याची शक्यता फार मोठी. नवं कार्ड मागवण्याआधी ते पुन्हा दाबून बसवा.

राउटरला काय येतं?

वाय-फाय हा दोघांचा व्यवहार आहे. कार्ड वाय-फाय ७ चं आणि राउटर वाय-फाय ५ चा असेल, तर बोलणं वाय-फाय ५ मध्येच होणार. तरीही एका अँटेनाच्या कार्डावरून दोन अँटेनांच्या कार्डावर गेलात, तर त्याच जुन्या राउटरवर ४३३ चे ८६७ होतात. माझ्या अनुभवात पिढी बदलल्याने होणाऱ्या फरकापेक्षा हा फरक जास्त जाणवतो.

राउटर वाय-फाय ६ चा असेल आणि त्याच्यावर वीसेक यंत्रं लटकलेली असतील, तर वाय-फाय ६ चं कार्ड गर्दीत अधिक शांत वागतं. एकाच वेळी अनेकांना थोडं थोडं चॅनेल वाटून देण्याची सोय त्या पिढीत आली. १६० मेगाहर्ट्झचा वेग हवा असेल तर राउटरला ती रुंदी येते का आणि ती चालू आहे का, दोन्ही पाहा. ६ गिगाहर्ट्झसाठी राउटर आणि कार्ड दोन्ही किमान वाय-फाय ६ई चे लागतात, डब्ल्यूपीए३ लागतं, विंडोजवर असाल तर ११ लागतं, आणि तुमच्या देशाने तो बँड खुला केलेला असावा लागतो. यातलं एक जरी नसलं तर ६ गिगाहर्ट्झच्या नावावर जास्त पैसे घालू नका.

आता लॅपटॉपच्या पोटात पाहा

इथे घाई केली की पैसे वाया जातात. आधी तुमच्या मॉडेलचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल शोधा. बहुतेक मोठे उत्पादक ते मोफत देतात, आणि त्यात वाय-फाय कार्ड बदलण्याचं पान आहे का, एवढं पाहिलं तरी अर्धं उत्तर मिळतं.

पहिला प्रश्न, कार्ड सुटं आहे का? पातळ लॅपटॉपांत चिप थेट मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेली असते. आताच्या सगळ्या मॅकबुकमध्येही तसंच. तुमचं तसं असेल तर यूएसबीचा वाय-फाय अडॅप्टर किंवा केबल, हे दोनच रस्ते.

दुसरा, आकार. गेल्या कित्येक वर्षांतल्या लॅपटॉपांत एम.२ प्रकारचं २२३० आकाराचं, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ३० मिमी लांब कार्ड असतं. त्याआधीच्या यंत्रांत मिनी पीसीआय-ई असायचं. त्या स्लॉटसाठी नव्या चिपची कार्डं मिळतात, पण अँटेनाची टोकं नीट पाहा: एम.२ कार्डावरची टोकं जुन्यांपेक्षा लहान असतात, आणि जुनी वायर त्यांवर बसत नाही.

तिसरा, अँटेना किती? दोन असतील तर बहुधा एक काळी आणि एक पांढरी वायर दिसेल. एकच असेल तर दुसरी वायर कुठे टेपखाली गुंडाळून ठेवलेली नाही ना, ते बघा. काही उत्पादक एकाच सांगाड्यात दोन्ही वायरी टाकतात आणि स्वस्त मॉडेलात एकच वापरतात. खरोखर एकच असेल तर दुसरी अँटेना स्क्रीनच्या कडेतून ओढत आणावी लागते. ते काम नवख्याने करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नाजूक स्क्रीन उघडून मिळणारा फायदा त्या जोखमीच्या मानाने फार थोडा असतो.

चौथा प्रश्न सर्वांत फसवा. इंटेलची काही कार्डं दिसायला अगदी तशीच असतात, त्याच स्लॉटमध्ये बसतात, पण ती अर्धीच असतात. सीएनव्हीआय नावाच्या या पद्धतीत वाय-फायचा मेंदू इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो आणि कार्डावर फक्त रेडिओ. असं कार्ड एएमडीच्या लॅपटॉपमध्ये किंवा जुन्या इंटेलवर टाकलं तर ते निपचित पडून राहतं. नावावरून ओळखायची खूण अशी: एएक्स२००, एएक्स२१० आणि बीई२०० ही पूर्ण कार्डं, एएक्स२०१, एएक्स२११ आणि बीई२०१ ही अर्धी. शेवटच्या एका आकड्यावर सगळा खेळ. उलट दिशेलाही सावध राहा: लॅपटॉपमध्ये आधीच अर्धं कार्ड असेल तर पूर्ण कार्ड अनेकदा चालतं, पण काही मदरबोर्डांवर त्या स्लॉटला पीसीआय-ईची, म्हणजे पूर्ण कार्डाला लागणारी, जोडणीच दिलेली नसते.

पाचवा, बायोसची यादी. बायोस म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणारं सॉफ्टवेअर. लिनोव्हो आणि एचपीच्या काही जुन्या मॉडेलांत ठरावीक कार्डांचीच यादी बायोसमध्ये असायची. बाहेरचं कार्ड दिसलं की लॅपटॉप पुढे सुरूच होत नसे. जुन्या थिंकपॅडवर येणारी १८०२ क्रमांकाची सूचना याच कारणाने कुप्रसिद्ध झाली. तुमचा लॅपटॉप त्या काळातला असेल तर त्याच मॉडेलवर कोणतं कार्ड चाललं, याची खात्री करूनच मागवा. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडल्याने ती जाते का, हेही आधीच वाचून घ्या.

कोणतं कार्ड घ्यावं

इथवरच्या प्रश्नांतून पार झालात, तर निवड सोपी आहे. दोन अँटेना, एम.२ स्लॉट आणि पीसीआय-ईची जोडणी असलेल्या बहुतेक लॅपटॉपांसाठी मी आजही एएक्स२१० सुचवतो. ते इंटेल आणि एएमडी दोन्हींवर चालतं, १६० मेगाहर्ट्झ आणि ६ गिगाहर्ट्झ दोन्ही येतात, आणि लिनक्सवर कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१० पासून आधार आहे. कर्नल त्याहून जुना असेल तर एएक्स२००, त्याला ५.१ पासून आधार मिळाला. मीडियाटेकचं एमटी७९२२ हेही चांगलं कार्ड. एएमडीच्या लॅपटॉपांत तेच आरझेड६१६ नावाने येतं.

वाय-फाय ७ च्या मोहाबद्दल. या पिढीचं प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं आणि विंडोजमध्ये तिला आधार ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून आहे. बीई२०० इंटेलने इंटेलच्याच यंत्रांसाठी ठेवलंय, आणि अनेक एएमडी लॅपटॉपांवर ते ओळखलंच जात नाही. राउटर वाय-फाय ७ चा नसेल तर तूर्त थांबा.

ब्लूटूथ विसरू नका. ते त्याच कार्डावर असतं, पण स्लॉटमधल्या यूएसबीच्या जोडणीतून चालतं. जुन्या ब्लूटूथमुळे नवे हेडफोन नीट चालत नसतील, तर तेवढ्यासाठीही कार्ड बदलणं योग्य ठरू शकतं.

प्रत्यक्ष बदल

नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच उतरवून लॅपटॉपवर ठेवा. हे राहिलं तर वाय-फाय नसलेल्या लॅपटॉपवर वाय-फायचा ड्रायव्हर शोधायची वेळ येते. मग शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे यंत्र खरोखर पूर्ण बंद होतं. चार्जर काढा.

खालचे स्क्रू काढताना ते ज्या जागेचे आहेत त्याच मांडणीत कागदावर ठेवा. त्यांची लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी आवळला तर वरचं कव्हर फुटतं. झाकण प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने सोडवा. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर काढण्याचं. त्याआधी धातूच्या एखाद्या मोठ्या वस्तूला हात लावून अंगातला स्थिर भार उतरवा. आता एक फोटो काढा, कोणती वायर कोणत्या टोकावर आहे ते स्पष्ट दिसेल असा.

अँटेनाची टोकं सरळ वर उचला. वायरला धरून ओढू नका, बाजूला कलू देऊ नका. अशी टोकं साधारण ३० वेळा लावण्या-काढण्याच्या हिशेबाने बनवलेली असतात, त्यामुळे उगाच काढ-घाल नको. कार्डाचा एकमेव स्क्रू काढला की कार्ड स्वतःच तिरकं वर येतं. ते त्याच कोनात बाहेर ओढा, नवं त्याच कोनात खाचेशी जुळवून आत सरकवा, खाली दाबा आणि स्क्रू लावा.

वायरी जोडणं हा सगळ्यांत चिवट भाग. टोक बरोबर वर आणा, बोटाने किंचित हलवून मध्यभागी आलंय याची खात्री करा, आणि मगच सरळ दाबा. बारीकसा टक् असा आवाज येतो किंवा बोटाला जाणवतो. जोर लावावा लागत असेल तर टोक जागेवर नाही. एकच वायर असेल तर ती कार्डावर १ किंवा मेन असं लिहिलेल्या टोकाला द्या. रिकामी वायर उरली तर तिच्या टोकाला टेप गुंडाळा, म्हणजे ते मदरबोर्डला चिकटणार नाही.

बॅटरी जोडा, पण सगळे स्क्रू लावण्याआधी झाकण नुसतं ठेवून एकदा सुरू करून बघा. ड्रायव्हर घाला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिटेल्स टॅबवर हार्डवेअर आयडी पाहा: इंटेलसाठी ८०८६, आणि पुढे एएक्स२१० असेल तर २७२५, एएक्स२०० असेल तर २७२३. स्टिकर एकाचं आणि चिप दुसऱ्याची, असा माल बाजारात असतो. हा आकडा स्टिकरसारखा बदलता येत नाही. ब्लूटूथला एक यंत्र जोडून पाहा.

मग तोच कागद काढा आणि त्याच जागी बसून तिन्ही आकडे पुन्हा मोजा. लिंक स्पीड अपेक्षेच्या बरोबर निम्मा असेल, तर दोनपैकी एक वायर नीट बसलेली नाही. राउटरपासून दोन मीटरवरही सिग्नल अशक्त असेल, तर दोन्ही. लॅपटॉप झोपवून उठवा आणि वाय-फाय परत येतं का पाहा. दोन-तीन दिवस नेहमीचं काम करा, एखादा लांबलचक व्हिडिओ कॉल होऊ द्या.

जुनं कार्ड नव्याच्या पिशवीत घाला, वर लॅपटॉपचं मॉडेल आणि तारीख लिहा, आणि जपून ठेवा. दुरुस्तीला पाठवताना किंवा लॅपटॉप विकताना तेच परत बसवावं लागेल.